उजव्या हाताचा ठसा

अक्काच्या अंगावरच्या जखमांची यादी मी ऑफिसच्या एका फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर केली. एक, उजव्या हाताचं कोपराखालचं हाड मोडलेलं. दोन, उजव्या कानामागे चार टाके. तीन, उजव्या खांद्यावर काळानिळा अर्धगोल, कुकरच्या झाकणाच्या कडेचा. असे नऊ मुद्दे झाले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अक्का म्हणाली होती, "बाथरूममध्ये पाय घसरला." एका घसरण्यात नऊ जखमा होत नाहीत. कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

यादी पुरी झाल्यावर लक्षात आलं की नऊच्या नऊ नोंदी उजव्या बाजूच्या आहेत. भावोजी डावरे होते. डावरा माणूस समोर उभा राहून मारतो तेव्हा मार उजव्या अंगावर बसतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी पंचविशीची, एका विमा कचेरीत नोकरीला, लग्न न झालेली. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला बंगळूरजवळ होसकोट्याला दिली होती. भावोजी तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आमचं घर जे. पी. नगरात. घरात वडिलांना अण्णा म्हणायचे. पिढ्यानपिढ्या बंगळूरात काढल्यावर मराठीत तेवढं कन्नड मुरतंच.

अण्णांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि कागदाचे चार तुकडे केले.

"घरातलं घरात. कागदावर आलं की कोर्टात जातं," ते म्हणाले. "प्लास्टर निघालं की मी स्वतः तिला होसकोट्याला सोडून येईन. सरी?"

अण्णांचं 'सरी' म्हणजे चर्चा संपली. प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं. अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं नाही.

सहा आठवड्यांनी अक्का परत गेली तर पुढच्या खेपेला आपण तिला घरी आणणार नाही, हॉस्पिटलातून उचलणार, किंवा तेही नाही. मला एवढं स्वच्छ दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी मी बंगळूरच्या शिवाजीनगरात लिनोकट शिकायला जात असे. स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. शिकवणारे सीमाभागातल्या एका खेड्यातून आलेले, चाळिशीचे, आठवडाभर छापखान्यात नोकरी करणारे गृहस्थ. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणत, कन्नडमध्ये मास्तरांना म्हणतात तसं. त्यांचे स्वतःचे ठसे दाराएवढे असत, सगळे माणसांचे. नळावर एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या बायका, लाठीखाली वाकलेली पाठ, बैलाच्या जागी गाड्याला जुंपलेला माणूस. चेहरे कुऱ्हाडीनं तोडल्यासारखे. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, की फुलं वगैरे कधी शिकवणार. ते म्हणाले, "फुलं बागेत हैत की. हितं कशाला?"

लिनो म्हणजे जमिनीवर अंथरायचं लिनोलियम, त्याचे उरलेले तुकडे आम्ही बाजारातून आणत असू. ते इस्त्रीनं जरा गरम करायचं, म्हणजे लोण्यासारखं कापलं जातं. जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं राहतं, जे ठेवाल ते काळं उठतं. आणि ठसा उलटा येतो, आरशासारखा. म्हणून चित्र आधी पातळ कागदावर काढून, कागद पालथा करून लिनोवर उतरवायचं. ही पायरी मी वहीत दोनदा लिहून ठेवली होती आणि खाली लाल रेघ मारली होती.

यादी फाटली त्या शनिवारी मी दोन फूट बाय तीन फूट लिनो घेतलं, प्लायवूडवर चिकटवलं आणि खडूनं थेट त्यावरच काढायला सुरुवात केली. पातळ कागद काढलाच नाही.

काढायचं काय, ते ठरलेलं होतं. त्याआधीच्या दिवाळीत मी होसकोट्याला गेले होते. डाळ कच्ची राहिली एवढंच कारण. भावोजी ताटावरून उठले, स्वयंपाकघरात गेले, कुकरचं झाकण दांडीला धरून उचललं आणि हात डोक्याच्या वर नेला. डावा हात. अक्कानं मार चुकवायला स्वतःचा उजवा हात वर केला. मी दारात होते, माझ्या हातात चार ताटं होती. मी ती आधी खाली ठेवली. नीट, एकावर एक. मग ओरडले. तेवढ्यात तीन वेळा झाकण खाली आलं होतं.

ती ताटं ठेवायला लागलेला वेळ मी त्या लिनोवर काढत होते.

गोल तोंडाची कोरणी मुठीत धरून अंगाच्या जोरानं पुढे ढकलायची. पुढे डावा हात कधीच ठेवायचा नाही, हा खोलीतला पहिला नियम. मी तो दुसऱ्या तासाला मोडला. कोरणी घसरली आणि तर्जनीच्या मुळाशी हाडापर्यंत गेली. रक्त खडूच्या रेषांत उतरलं. मेष्ट्रुंनी माझं मनगट धरून वर केलं, फडकं करकचून बांधलं आणि म्हणाले, "हात पुढं ठेवू नगंस म्हणून किती बार सांगिटलं गं? काय करायलीस काय? खून करायलीस?"

"हो," मी म्हणाले.

"मग त्याचा कर. सोताचा कशाला करतीस?"

दोन टाके घालून घेऊन मी परत आले आणि कोरत राहिले. चार शनिवार-रविवार. भावोजींचा दंड मी रुंद ठेवला, पाठीच्या कण्यासारखा गाठीगाठींचा. चेहऱ्यावर फक्त दात. मागच्या भिंतीवरचे कोरणीचे ओरखडे मी साफ केले नाहीत. ते काळ्यात उठतात, आणि सगळी भिंत फटकारे खाल्ल्यासारखी दिसते. अक्काचं तोंड शेवटी काढलं. ते मी उघडंच ठेवलं, एक मोठा पांढरा खड्डा. तो खणताना लिनो संपून खालचं तरटासारखं कापड लागलं.

खाली दुकानात कुणीतरी पत्रा ठोकत असे. त्या ठोक्यांच्या तालावर माझा हात चालायला लागला होता.

पाचव्या शनिवारी शाई लावली. रूळ फिरवला, कागद टाकला, लाकडी पळीच्या पाठीनं इंचाइंचानं घासला. कागद उचलला तेव्हा मेष्ट्रु शेजारी येऊन वाकले. मग बोटानं दाखवत म्हणाले, "मानूस डावरा म्हणालीस न्हवं? ह्यो तर उजव्यानं मारायलाय."

मी पाहिलं. उजवा हात वर. आणि बाईचा वर गेलेला हात डावा. मी, जी दूधवाल्याचे खाडे वर्षभर लिहून ठेवते, जी प्रवासाला निघताना कुलूप तीनदा ओढून बघते, ती मी, वहीतल्या लाल रेघेवरून चालत गेले होते.

"परत कोरते," मी म्हणाले.

"कशाला? ज्याला मार बसलाय त्याला कळतंय की."

"पण हे भावोजी नाहीत."

"मग कोण हाय?" त्यांनी सहज विचारलं आणि शाईचा डबा बंद केला. "खाली नाव घाल बघू."

मी पेन्सिलीनं लिहिलं, 'होडी'. कन्नडमध्ये होडी म्हणजे मार, ठोक. होसकोट्याच्या त्या गल्लीत पोरं खेळतानासुद्धा ओरडायची, होडी, होडी. तोच शब्द त्या दिवाळीपासून माझ्या कानात होता.

खोलीतल्या तारा बाकीच्यांच्या कामांनी भरलेल्या होत्या. मी ओला ठसा दोन पुठ्ठ्यांत धरून रिक्षानं घरी आणला आणि गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला चार चिमटे लावून टांगला. ब्लॉकही बरोबर आणला, दुसरा ठसा घरीच काढायचा म्हणून, आणि जिन्याखाली उभा करून ठेवला.

वरच्या मजल्यावर पुण्याहून नव्यानं आलेल्या भाडेकरूबाई राहत. त्या कपडे काढायला आल्या, ठशापुढे उभ्या राहिल्या, मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली.

"काय गं, होडी कुठंय यात?"

"होडी नाही काकू. कन्नड शब्द आहे."

"हो का? मी आपली पाणी शोधत्येय. म्हटलं, मॉडर्न असेल." काहीतरी समजल्यासारखं हसून त्या चादर घेऊन गेल्या.

त्यांच्यामागून आई आली होती. ती शेवटच्या पायरीवर थांबली होती. वाळत घातलेल्या धोतराआडून तिला फक्त वरचा अर्धा ठसा दिसत असणार, म्हणजे तो हात. तिनं धोतर बाजूला केलं.

"तू कधी पाहिलंस?" तिनं विचारलं.

"दिवाळीत. होसकोट्याला."

"होसकोट्याचं नव्हे गं. हे आपल्या जुन्या घरातलं आहे. तू तीन वर्षांची होतीस. पाळण्याच्या खोलीत झोपली होतीस." तिनं ठशातल्या हाताजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. "अण्णांचा हात असाच जायचा. आधी मागे, मग वर."

आईला डाव्या कानानं ऐकू येत नसे. लहानपणी कान फुटला होता, असं आम्हाला सांगितलेलं होतं. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन बसायचं, ही आमच्या घरातली इतकी जुनी सवय की त्याबद्दल कुणाला काही वाटत नसे. उजव्या हाताचा माणूस समोरून मारतो तेव्हा मार कुठल्या बाजूला बसतो, हे गणित मी महिनाभर अक्काच्या बाबतीत करत होते. आईच्या बाबतीत एकदाही केलं नव्हतं.

मला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "आई, ठसा उलटा येतो. माझी चूक झालीय. तो डावा हात आहे."

"तुझा डावा असेल," आई म्हणाली. "माझा बरोबर आहे."

तिनं कपडे काढले, घड्या घातल्या, खाली गेली. रात्रीच्या जेवणाला वांग्याची भाजी होती. अण्णांनी स्वल्प मीठ मागितलं, तिनं दिलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, भावोजी आले. प्लास्टर निघायला अजून आठवडा होता, पण अण्णांनीच निरोप पाठवला होता की येऊन समजूत घाला. इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. अण्णांनी कॉफी सांगितली. अक्काला बोलावून खुर्चीवर बसवलं. माझ्याकडे बघून भावोजी म्हणाले, "काय, चित्रकार! अजून भिंती काळ्या करणं चालूच?"

"प्लास्टर तिकडेही काढता येईल," अण्णा म्हणाले. "होसकोट्याला डॉक्टर आहेत. बॅग भर गं."

अक्का उठली. खरंच उठली, बॅग भरायला. तिच्या पायांना ती सवयच झाली होती.

तेवढ्यात आई जिन्यावरून आली. तिच्या हातात ठसा होता, चिमट्यांसकट. तिनं टीपॉयवरचे कप बाजूला सारले आणि ठसा दोघा पुरुषांच्या मधोमध पसरला.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले, खिडकीबाहेर. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तो त्यांनी डाव्याखाली घेतला.

भावोजी मात्र वाकून बघत होते. मग मोठ्यानं हसले.

"हे मी म्हणून काढलंय होय? अगं पण चूक आहे! हा उजव्या हातानं मारतोय. मी तर डाव्यानं–"

वाक्य तिथेच थांबलं.

आणि अक्का हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा, तोंडावर हात न घेता, दारात उभी राहून हसली. भावोजींचा चेहरा एका क्षणात पालटला. त्यांनी ठसा उचलून टराटरा फाडला, दोन ढांगांत दारापाशी गेले, अक्काचा प्लास्टरचा हात धरला आणि हिसडा दिला. ती किंचाळली. ते तिला ओढत बाहेरच्या दाराकडे निघाले. ती पडली, तरी तिला गुडघ्यांवर ओढत राहिले.

माझ्या हातात या खेपेला ताटं नव्हती. जिन्याखालून मी प्लायवूडचा ब्लॉक उचलला, दोन्ही हातांनी, आडवा. कुठे मारायचं ते मी ठरवलं. घाईतसुद्धा ठरवलं, हे मला लख्ख आठवतं. डावं मनगट. ब्लॉकची कड त्यावर आली तेव्हा वाळकी काटकी मोडल्याचा आवाज झाला. त्यांनी अक्काला सोडलं, मनगट पोटाशी धरून ते खाली बसले. मग मी दुसरा घाव घातला, खांद्यावर. पहिल्याची गरज होती. दुसऱ्याची नव्हती. तो मला आवडला. तिसऱ्यासाठी ब्लॉक वर गेला तेव्हा अक्काच ओरडली, "पुरे!"

अण्णा उठले होते. ते माझ्याकडे आले नाहीत, भावोजींकडेही गेले नाहीत. ते आईकडे गेले.

"हे तू केलंस. तू आणलंस ते खाली," ते म्हणाले, आणि त्यांचा हात आधी मागे गेला, मग वर.

आई जागची हलली नाही. हातानं तोंड झाकलं नाही.

"मारा," ती म्हणाली. "पोरींना दिसू दे. त्या वेळी दोघी झोपल्या होत्या."

हात वर किती वेळ राहिला कुणास ठाऊक. अण्णा सत्तरीला आले होते. जमिनीवर भावोजी कण्हत होते. मग तो हात खाली आला, मार न देता, आणि अण्णा खुर्चीत बसले. त्यांनी कुणाची माफी मागितली नाही, त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. पण होसकोट्याचं नावही परत काढलं नाही.

भावोजी रिक्षानं गेले. पोलीस येतील म्हणून मी आठवडाभर कागदपत्रं तयार ठेवली. फाडलेली यादी आठवून परत लिहिली, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, तीन प्रती केल्या. पोलीस आले नाहीत. नंतर कळलं, कारखान्यात त्यांनी सांगितलं होतं की बाथरूममध्ये पाय घसरला.

शाबासकी द्यायला कुणी नव्हतं आणि मला ती नकोही होती. कितीतरी दिवस भाजी चिरतानासुद्धा मनगट मोडल्याचा तो आवाज यायचा आणि बरं वाटायचं. त्याची भीती वाटायची. मेष्ट्रुंना सांगितलं तर ते म्हणाले, "आता मोठं नगं कोरू. जरा बारकं काम कर." मी दोन महिने कोरणी हातात घेतली नाही.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी, आई, अक्का आणि मी, बसनं होसकोट्याला गेलो. भावोजी पहिल्या पाळीला असताना. मी आणायच्या सामानाची यादी केली होती, खोलीवार. अक्कानं कुलूप उघडलं. मी एकेक नाव वाचत गेले.

"शिलाई मशीन."

"राहू दे."

"स्टीलचे डबे. आईनं दिलेले, अकरा."

"राहू दे."

"लग्नातल्या पाच साड्या."

"नको."

असं करत पान संपलं. शेवटी तिनं कपाटाच्या वरच्या खणातून शाळेचे आणि टायपिंगचे दाखले असलेली फाइल घेतली आणि मोरीजवळची रबरी चप्पल. मी म्हणाले, "एवढंच न्यायचं होतं तर मी एकटी आले असते." ती हाताचं बारीक झालेलं मनगट चोळत राहिली. आईनं पाण्याचा माठ ओतून पालथा घातला, कारण भरलेला माठ टाकून निघणं तिला जमलं नसतं.

बाहेर पडलो तर शेजारच्या बाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. गल्लीतल्या सगळ्या भिंतींना कान होते आणि त्यांच्या घराची भिंत तर सामाईक. चार वर्षं त्यांनी सगळं ऐकलं होतं. अक्कानं चावी त्यांच्या हातात दिली. बाईंनी फाइलकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं, आणि तरी तोंडातून तेच आलं जे निघणाऱ्या माणसाला कुणीही म्हणतं.

"होगि बन्नि," जाऊन या.

मराठीत काय, कन्नडमध्ये काय, यावर उत्तर एकच असतं. निघणारी बाई 'येते' म्हणते. स्मशानातून निघतानाच तेवढं म्हणायचं नसतं, एरवी सवयीनं येतंच. आईनं माझ्या आधी ओठ हलवले, अक्काच्या वतीनं म्हणून टाकायला.

अक्का आईच्या पुढे झाली.

"जाते," ती म्हणाली.